नवस आजींचा, अक्षर बाईंचं

मला किती नीट आठवतं, याची मलाच खात्री नाही. दोन विषयांत एम.ए. केलं, प्रबंधात पानोपानी तळटिपा दिल्या. पण सौंसरच्या शाळेतल्या गोष्टींना तळटीप कुठून आणू? शिक्षकांच्या खोलीतले किस्से खुंटीवरच्या कपड्यांसारखे असतात. एकावर एक चढत जातात, आणि खालचा सदरा कोणाचा ते कोणालाच सांगता येत नाही! कुसुमबाईंचे किस्से मात्र ढिगाच्या तळाशी असले तरी मला ओळखू येतात. निदान मला तसं वाटतं.

कुसुमबाई चौथीच्या वर्गाला शिकवायच्या. माहेर पांढुर्ण्याचं, सासर सौंसरचं, आणि घर शाळेच्या कुंपणाला लागून. नवरा वसंतराव जिनिंग फॅक्टरीत हंगामी कारकून. कापूस संपला की वसंतरावही संपले. उरलेले महिने ओट्यावर बसून संत्री सोलायची आणि देशाच्या कारभारावर मत द्यायचं. घरात दोन मुलं आणि सासू. सासूला सारं गाव 'आजी' म्हणायचं. मी तेव्हा नागपूरहून नुकताच आलेला, नवा आणि घाबरट मास्तर होतो. नवेपणा पुढे गेला.

*

बाईंच्या घरी घड्याळ नव्हतं. त्याची गरजही नव्हती, कारण शाळा होती. सकाळी बाई शेगडीवर वरण ठेवून येत आणि आजींना सांगून ठेवत, "तिसरी घंटी झाली की उतरवा."

एकदा हेडमास्तर तिसऱ्या पिरियडला स्वच्छतेवर बोलायला उभे राहिले. भाषण रंगलं. त्यांनी चपराशाला हातानेच खूण केली, घंटी थांबव!

थोड्या वेळाने वसंतराव काळंठिक्कर पातेलं घेऊन थेट वर्गाच्या दारात.

"हेडमास्तरसाहेब, तुमचा पिरियड लांबला, आमचं वरण लागलं! आता पोरं काय खातील, स्वच्छता?"

हेडमास्तर कायद्याचे पक्के. दुसऱ्या दिवशी नोटीस फिरली की तिसरी घंटी कोणत्याही परिस्थितीत वेळेवर दिली जाईल. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'स्थानिक अडचण'.

*

उपवासांचं वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाहून कडक होतं. सोमवार आजींनी सांगितलेला, गुरुवार बाईंचा स्वतःचा, एकादशी आणि चतुर्थी घराण्याच्या. एका शनिवारी खोलीत चिवडा आला. मी पुढे केला, तर बाईंनी हात मागे घेतला.

"आज कोणता, बाई?"

"शनिवार."

"तो तर वसंतरावांचा ना?"

"त्यांचाच. पण त्यांना भूक सहन होत नाही ना, मास्तर, म्हणून त्यांचा मी धरते."

"मग त्यांच्याकडे काय?"

"संकल्प त्यांनी केला ना!"

*

बाईंच्या थोरल्या मुलाला मुदतीचा ताप आला. आजींनी देवापुढे पदर पसरला आणि नवस बोलला, की पोरगं उठून बसलं तर लाख वेळा रामनाम लिहीन. पोरगं उठून बसलं. अडचण एवढीच होती की आजींना अक्षरओळख नव्हती.

"आई, लिहिणार कोण?" बाईंनी विचारलं.

"तू शिकेल आहेस नं? मी बोलली, तू लिही. अर्धं अर्धं काम!"

घरी वेळ कुठला? मग बाई रोज दुपारी दोन ते तीन, वर्ग गणितं सोडवत असताना टेबलावर वही ओढून रामनाम लिहू लागल्या. तोंडाने एकोणतीसचा पाढा, हाताने 'श्रीराम श्रीराम'. मी एकदा भीत भीत म्हणालो, "दोन्हीकडे लक्ष कसं राहतं, बाई?"

"कोणाकडंच नसते, मास्तर. लक्ष तिकडं पिठाच्या डब्यात असते. हात आपला आपला चालून राहिला."

संध्याकाळी आजी बोट ओलं करून नवी पानं मोजत आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात हळदकुंकू लावत. काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं. पण एक पान कमी पडलं तर सूनबाईला विचारणा व्हायची, "आज शाळेत का झोपा काढल्या का वो?"

*

छिंदवाड्याहून इन्स्पेक्टरसाहेब यायचे. भला माणूस, पण हातात लाल पेन्सिल असली की थांबता थांबायचे नाहीत. वह्यांचा गठ्ठा पुढे आला की पान उलटायचं, लाल खूण करायची, पुन्हा पान उलटायचं. वाचायला वेळ नसायचा.

एकदा पोरांच्या वह्यांत बाईंची रामनामाची वही गेली. साहेबांनी ओळीओळीवर खुणा केल्या आणि शेवटी शेरा लिहिला, "अभ्यास अच्छा है, विविधता नहीं।"

मग काय तपासलं ते त्यांच्या ध्यानात आलं. चेहरा पांढरा पडला. "बाईजी, यह तो भगवान का नाम है!"

"हो नं साहेब. आता ही पानं आमच्या आजी घेत नाहीत. लाल झाली. मले पुन्हा लिहावी लागतात!"

साहेबांनी वही कपाळाला लावली, सायकलवर बसले आणि परत जाताना रामाकोना गावाजवळ पडले. उजवं मनगट मोडलं. आम्ही सगळे शिकलेले लोक म्हणालो, रस्ता खराब आहे. आजी म्हणाल्या, "रस्ता तं रोजचाच होता."

*

मग राज्यांची फेररचना झाली. नागपूर तिकडे गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. हेडमास्तरांनी भिंतीवरच्या नकाशावर निळ्या शाईने रेघ ओढली आणि दिवसभर जाता-येता तिच्यापुढे येऊन उभे राहिले. आजींनी ओट्यावरून सुनेला विचारलं, "मंग आपुन कुठं गेलो?"

"कुठंच नाही, आई."

"मंग हे मास्तर लोक येवढे कायले घाबरून राहिले?"

घाबरायचं कारण लवकरच आलं. वरून हुकूम निघाला, की ज्यांचं शिक्षण मराठीत झालं त्यांनी हिंदीची परीक्षा द्यावी; नापास होणाऱ्याने घरी बसावं. कापसाचा हंगाम संपलेला. घरात बाईंचाच एक पगार.

बाई खोलीत येऊन खुर्चीवर टेकल्या. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी बसलेलं पाहिलं असं वाटतं. पण हे माझं नंतरचं वाटणंही असेल.

"मास्तर, घरी बसा म्हणतात. पण घरी जागा आहे का बसाले? तिथं हे बसून राहिले!"

कॉलेजात माझी हिंदी झाली होती, म्हणून शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी मधल्या सुट्टीत हिंदीच्या मुळापासून, म्हणजे अपभ्रंश भाषेपासून सुरुवात केली. आठवडाभर बाईंनी वाटाण्याच्या शेंगा सोलत मुकाट्याने ऐकलं.

"हे परीक्षेत विचारतात, मास्तर?"

"नाही."

"मग तुम्ही माझं ऐका. तुम्ही एक निबंध लिहून द्या. ग्रामसुधारावर. मी पाठ करते."

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी घाबरून विचारलं, "एकदा लिहून पाहिला का?"

"उद्या सकाळी पाहते. पोळ्या होता होता, हाताला लागेल त्या वहीत."

*

परीक्षा आमच्याच शाळेत, दुपारी. वर्गावर देखरेख माझी. एकादशी होती. बाई पहाटे अंधारातच उठलेल्या, पोटात पाण्याशिवाय काही नाही.

पहिलं पान त्यांनी सावकाश, नीट हिंदीत लिहिलं. मग दोनचा ठोका पडला आणि त्यांचं पेन सुसाट सुटलं. मला भरून आलं! अपभ्रंश वाया गेला नाही, असंही मनात येऊन गेलं. फिरत फिरत मागे गेलो आणि वाकून पाहिलं.

श्रीराम श्रीराम श्रीराम.

बाईंचे डोळे मिटलेले होते. हात चालला होता.

नियम असा, की परीक्षार्थीशी बोलायचं नाही. मी खाकरलो. पुन्हा खाकरलो. खिडकी आपटली. दोन विषयांत एम.ए. असलेल्या माणसाला 'बाई, उठा' एवढे दोन शब्द बोलवले नाहीत! शेवटची घंटी झाली तेव्हा त्या दचकून जाग्या झाल्या आणि पानं उलटू लागल्या. चार पानं, काठोकाठ भरलेली.

"मास्तर... आता?"

पान फाडायचं नाही, हाही नियम होता. मी पेपर गोळा केला. बाई पदर सावरून उठल्या. घरी वरण ठेवायचं होतं.

महिनाभर खोलीत कोणी चिवडा आणला नाही. वसंतराव ओट्यावरून उठून गंभीरपणे कामं शोधू लागले, म्हणजे दुसऱ्या ओट्यावर जाऊन बसू लागले. मग निकाल आला. कुसुमबाई पास!

पेपर इन्स्पेक्टरसाहेबांनी तपासले होते. पुढच्या खेपेला ते आले तेव्हा मला राहवलं नाही. त्यांना बाजूला नेऊन विचारलं, "साहेब, बाईंच्या उत्तरपत्रिकेत ती चार पानं..."

साहेबांनी आपलं उजवं मनगट डाव्या हाताने धरलं.

"मास्टरजी, उस पर मैं एक बार लाल पेन्सिल चला चुका हूँ।"

त्याच वर्षी आजींनी नवस पुरा झाल्याचं जाहीर केलं आणि सगळ्या वह्या वाजतगाजत राममंदिरात ठेवल्या.

आजी गेल्या, बाई निवृत्त होऊन मुलाकडे गेल्या. पुष्कळ वर्षांनी देऊळ नव्याने बांधायला काढलं, तेव्हा जुन्या पेटीतले कागद बघायला शिकलेला माणूस म्हणून मला बोलावलं. बाईंच्या वह्या मी अक्षरावरून ओळखल्या. शेवटच्या वहीत, रामनामाच्या मधोमध, सलग चार पानांवर 'ग्रामसुधार' हा हिंदी निबंध होता. मी दोनदा तपासून पाहिलं. चारही पानांच्या कोपऱ्यात आजींचं हळदकुंकू होतं.