सोडियम कमी, मीठ बंद

१९९६ साल. मी चौसष्ट वर्षांचा. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या घरी भावानं येऊन सांगितलं, मधू गेला. मधूची भिवंडीत रक्त तपासायची लॅब, माझं रक्त तोच न्यायचा. कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत आटोपलं. वीस वर्षांनी लहान माझ्यापेक्षा… नंबर माझा होता.

मी चौथी शिकलेला, कापडाच्या लूमवर जन्म काढलेला, कुणाचं न ऐकणारा. सहा वर्षांपूर्वी पाय सुजले, दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, मीठ बंद. मधूनं माझं रक्त तपासलं, रिपोर्टात आलं, सोडियम कमी. एकानं सांगितलं, सोडियम म्हणजे मीठच. मग काय! मी बायकोला म्हटलं, सुकट भाज, लोणचं काढ. आठ दिवसांत चप्पल पायात शिरेना, आडवं पडता येईना.

पुन्हा रक्त न्यायला मधू घरीच आला. ताट बघून थबकला.

“काका, हे काय?”

“तुझा रिपोर्ट बघूनच खातोय. अडाणी हाय का मी?”

तो पोट धरून हसला. मग माझ्या आमटीच्या वाटीत त्यानं तांब्यातलं पाणी ओतलं. “चाखा.”

“अळणी हाय.”

“मीठ तेवढंच आहे, पाणी वाढलं. तुमच्या अंगात हेच झालंय. मीठ खाल तेवढी तहान लागेल, पाणी आणखी साठेल.”

“आणि आकडा खालीच राहिला तर?”

त्यानं नजर चुकवली नाही. “तर कठीण आहे, काका. हा आकडा पुढचं सांगतो. पण ऐकलंत तर पुढचं बदलतंही.”

इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ताट सरकवलं. पाणीही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच प्यायलो. आकडा हळूहळू चढला. दर वेळी मधू म्हणायचा, “काका, एवढ्यात काय जात नाही तुम्ही!”

तो गेल्यावर मी तपासणी सोडली. पुण्यानुमोदनाच्या बुद्धवंदनेला त्याच्या घरी गेलो, तर त्याची बायको सुनंदा, लॅबमध्ये त्याच्याबरोबरीनं काम करणारी, डोळे पुसत म्हणाली, “काका, तुमची तारीख उलटून गेली. उद्या लॅब उघडतेय.”

“आता कशाला? मधूशिवाय कुणाची सुई घेतली न्हाय मी.”

“सहा वर्षं त्यांनी तुम्हाला सांभाळलं, ते असं वाया घालवायला?”

मी तसाच उठलो. रागानंच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबचं शटर वर जायच्या आधी मी दारात उभा होतो. सुनंदा आली. मी बाही वर केली आणि हात पुढे केला.