मधल्या खोलीतला कर्णा

अण्णा कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी भिंतीवर बोटाचं पेर आपटून बघायचे. टक, टक. मग मान तिरकी करून ऐकायचे आणि यजमानाला निकाल सांगायचे, "भरीव आहे," नाहीतर "पोकळ." माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, लग्न ठरवायला चाकणला गेले तेव्हा मुलाची शेती किती, भाऊ किती, हे विचारायच्या आत त्यांनी तिथल्या ओसरीची भिंत वाजवली. भिंत दगडी होती. परत आल्यावर आईला म्हणाले, "घर चांगलं आहे." आईनं विचारलं, "आणि मुलगा?" "मुलगाही आहे," अण्णा म्हणाले.

अण्णा म्हणजे आमचे वडील. चिंचवड गावात त्यांना सगळे कर्णेवाले अण्णा म्हणत. तरुणपणी ते जत्रांना, लग्नांना, सभांना बॅटरीवरचे कर्णे लावायचे. स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली तेव्हा ते पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात वायरमन म्हणून लागले होते आणि कर्णे कधीच विकून टाकले होते. नाव मात्र चिकटलं. त्यांना स्वतःला कर्ण्याचा तिटकारा होता. "कर्णा ओरडतो, बोलत नाही," असं म्हणायचे. गाणारा माणूस समोर बसून गातोय असं वाटलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास. कारखान्यातला एक साहेब त्यांना जुनी विलायती मासिकं द्यायचा. त्यांत असा हुबेहूब आवाज देणाऱ्या यंत्रांना हाय-फाय म्हटलेलं असे. अण्णांचं इंग्रजी बेताचं होतं, पण आकृत्या त्यांना तोंडपाठ होत्या.

त्यांतल्या एका मासिकात त्यांना एक वाक्य सापडलं आणि आमच्या घराचं वाटोळं झालं. स्पीकर लाकडी खोक्यात बसवला की लाकूड थरथरतं आणि सूर बिघडतो. वीट थरथरत नाही. झालं. आमचं घर तीन खोल्यांचं. पुढची पडवी, मागचं स्वयंपाकघर आणि मधली खोली. मधली खोली उबदार, वारा न लागणारी, एकाच लहान खिडकीची. आम्ही दोघी बहिणी तिथेच जन्मलो होतो. अण्णांनी तिच्या चारही भिंती वाजवल्या आणि नैर्ऋत्येचा कोपरा पक्का केला.

गवंडी धोंडीबा आला. छातीएवढं तिकोनी विटांचं बांधकाम, आतून पोकळ, समोर भोकं, हे ऐकून त्यानं थापी खाली ठेवली.

"अण्णा, ह्यो देव्हारा हाय का भट्टी?"

"दोन्ही नाही."

"मग धान भरायचं व्हय यात?"

"वारा भरायचा आहे."

"आमी बांधतो," धोंडीबा म्हणाला, "पन कुनी इचारलं तर माझं नाव सांगू नका राव."

पुढच्या बाजूला दोन फळ्या आणि त्यांच्या मधे वाळू, असा अण्णांचा बेत होता. वाळू पवनेची. ती सात पाण्यांनी धुवायची, उन्हात घालायची, मग हरभरे भाजायच्या लोखंडी कढईत भाजून कोरडी करायची, कारण "ओली वाळू सूर गिळते." त्या उन्हाळ्यात आई आणि ताई दुपारभर चुलीपुढे बसून वाळू भाजत होत्या. ताईचं लग्न दीड महिन्यावर आलं होतं. गल्लीतल्या बायका दारातून विचारायच्या, "काय गं, रुखवतात वाळूचे लाडू का?" ताई हसायची. तेव्हा ती हसायची.

मुंबईच्या जुन्या बाजारातून दोन स्पीकर आले, खालच्या सुरांसाठी बारा इंची आणि वरच्यांसाठी लहान. दोन्हींचे पडदे जाड काळ्या कागदाचे. खिडकी विटांनी बुजवली. भिंती उघड्या असल्या की आवाज उसळतो, म्हणून घरातल्या गोधड्या भिंतींवर खिळे मारून टांगल्या. थंडीत आम्ही सुती चादरी पांघरून झोपायचो आणि भिंती गोधड्या पांघरून उभ्या असायच्या. जमिनीवर खडूनं चौकोन काढून त्यात एकच खुर्ची ठेवली होती. यंत्र चालू असताना आईनं त्या खोलीतून जायचं झालं तर बांगड्या कोपरापर्यंत वर सारून जायचं. अण्णा डोळे मिटूनच म्हणायचे, "डाव्या हातातली एक खाली आलीय."

मला त्यांनी वायरींच्या जोडाला कथलाचा डाग द्यायला शिकवलं. यंत्रातले काचेचे व्हॉल्व्ह बदलायला, वायर सोलायला, शॉक कसा टाळायचा ते शिकवलं. मुलीच्या जातीला हे कशाला, असं कुणी म्हटलं तर सांगायचे, "हिचा हात थरथरत नाही." आजही माझ्या घरातली इस्त्री मीच दुरुस्त करते. आणि एका रविवारी, एकदाच, त्यांनी मला त्या खुर्चीत बसवलं. तबकडी लावली. गाणारी बाई सूर लावण्याआधी श्वास घेते तो मला ऐकू आला. तबल्यावरची शाई आणि काठ वेगवेगळे ऐकू आले. मी वळून अण्णांकडे पाहिलं तर त्यांचे डोळे भरले होते. तो आवाज खरोखर सुंदर होता. वाईट असता तर पुढचं सगळं सोसायला सोपं गेलं असतं.

लग्नानंतर वर्षभरात ताईला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात बोलण्यासारखं काही नव्हतंच. चाकणला डोहाळेजेवण झालं, आठव्या महिन्यात ताईला आणायचं ठरलं. आईनं डिंक, खारीक, बाळंतशोपा आणून ठेवले आणि एका संध्याकाळी अण्णांना म्हणाली, "मधली खोली मोकळी करून द्या. दोन महिन्यांपुरती."

"बांधकाम आहे ते. मोकळं कसं करणार?"

"ते राहू दे तिथं. खाट मावेल एवढी जागा द्या. आणि खिडकी उघडा."

अण्णांनी विचारलं, "शेगडी ठेवणार?"

"बाळंतिणीला शेक नको?"

"आणि धुरी? ओव्याची, शेपेची?"

"अहो, बाळंतिणीची खोली आहे ती!"

"स्पीकरचा पडदा कागदाचा आहे," अण्णा म्हणाले. "धुरानं आणि वाफेनं महिन्यात लिबलिबीत होईल. वाळू ओल धरेल. परत सगळं उकलायचं म्हणजे बांधकाम फोडायला लागेल. पडवीत करू की तिची सोय. मी स्वतः बारदानाचा आडोसा करून देतो, हवा खेळती राहील."

"पडवीत आपण वासरू बांधायचो," आई म्हणाली.

"आता नाही ना बांधत."

हे ते रागानं म्हणाले नाहीत. त्यांना ते खरंच पटलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आडोसा केला तोही अगदी मन लावून. दुहेरी बारदान, काठाला शिवण, वर बांबू. ताई आली ती भर पौषात. हातात नवा हिरवा चुडा. आडोसा बघून म्हणाली, "छान केलंय अण्णा." रात्री तिनं मला कुशीत घेतलं तेव्हा तिचे पाय बर्फासारखे होते. मी मधल्या खोलीत जाऊन भिंतीवरची एक गोधडी खिळ्यासकट ओढून आणली. सकाळी अण्णांनी ती परत टांगली आणि ताईसाठी कारखान्यातून एक घोंगडी मागून आणली. म्हणजे तिला थंडी वाजते हे त्यांना कळत होतं.

नवव्या दिवशी ताईचे यजमान तिला बघायला आले. ताईला खोकला झाला होता, अंग कढत होतं. आतून तबकडी ऐकू येत होती. मेहुण्यांनी आडोसा वर केला, ताईकडे पाहिलं, मग मधल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. अण्णा बाहेर आले, म्हणाले, "या, बसा. एक चीज ऐकवतो."

"नको," ते म्हणाले. "गाडी आणलीया. हिला न्हेतो."

आईनं त्यांचे पाय धरले. ते मागे सरकले. "तुमी न्हाई हो, मामी," एवढंच म्हणाले. ताई जाताना वळून बघेल असं मला वाटलं होतं. ती गाडीत आडवी पडून राहिली.

चाकणच्या आळीत ताईच्या सासूबाई सांगत सुटायच्या त्या सुटल्याच. "सुनंच्या म्हायेरी कर्णा बाळंत झालाय, त्येला शेक-शेगडी चाललीया. म्हनून हिला धाडली माघारी." पंधरवड्यानं ताईला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी ती पोर गेली. मधली खोली मिळाली असती तर जगली असती, असं मी म्हणत नाही. बाळं तेव्हा जात होती, उबदार खोल्यांतूनही जात होती. पण 'खोली मिळाली असती तर' असं ताईला आयुष्यभर म्हणावं लागू नये, एवढं तरी अण्णांच्या हातात होतं.

निरोप आला त्या दिवशी अण्णांनी यंत्र बंद केलं. तीन दिवस बंद ठेवलं. चौथ्या दिवशी लावलं, बराच वेळ ऐकलं आणि आईला म्हणाले, "थंडीनं वाळू चांगली सुकलीय. खालचा सूर आता स्वच्छ लागतो." त्यानंतर तिनं त्यांच्याशी बोलणं कामापुरतं ठेवलं, आणि मला नाही वाटत की तो फरक त्यांना कधी ऐकू आला. रविवारी कारखान्यातले लोक यायचे, खुर्चीत पाळीपाळीनं बसायचे, डोळे पुसायचे आणि "अण्णा, तुम्ही मोठे माणूस राव," म्हणून जायचे. ताई त्यानंतर आमच्या घरी आली नाही. तिला पुढे मुलगा झाला तोही चाकणलाच. कुणी विचारलं नाही, कुणी बोलावलं नाही.

माझं लग्न मोशीला झालं. मला सातवा लागला तेव्हा अण्णा एका सकाळी सायकलवरून मोशीला आले. अंगणातच उभे राहिले.

"मधल्या खोलीची खिडकी फोडून घेतली," ते म्हणाले. "खाट टाकलीय. बांधकाम निघत नाही, पण त्यावर गोधड्या घातल्यात. शेगडी ठेव, धुरी कर, काय हवं ते कर."

"कागदाचं काय?"

"होईल ते होईल."

त्यांचे केस पुरते पिकले होते. चिंचवडहून सायकल हाणत आल्यामुळे धाप लागली होती. मला वाईट वाटलं, ते खोटं सांगणार नाही. पण मी म्हटलं, "अण्णा, मी ताईकडे जाणार आहे. तिनं खोली सारवून ठेवलीय."

"बहिणीकडे? माहेर असताना?"

"हो."

त्यांनी सायकल वळवली आणि गेले. आई माझ्या बाळंतपणासाठी दोन महिने चाकणला येऊन राहिली. अण्णांच्या जेवणाचं काय, असं मी विचारलं तर म्हणाली, "त्यांना ऐकायला आहे ना."

ताईच्या सासूबाई तोवर वारल्या होत्या. दगडी भिंतींची आतली खोली ताईनं मला दिली, शेगडी स्वतः पेटवली, बाळाला पहिली आंघोळ तिनंच घातली. मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारशाला अण्णा आले, कुंची आणि चांदीचे वाळे घेऊन. पुरुष ओसरीवर बसले होते, तिथे बसले. आत बाळ भुकेनं रडायला लागलं. अण्णांनी मान तिरकी केली, डोळे मिटले. चेहरा अगदी खुलला.

"काय स्वच्छ आवाज आहे," ते म्हणाले. "कुठे फाटत नाही, कुठे घुमत नाही."

ताई चहा घेऊन आली होती. कपबशी तिनं त्यांच्यासमोर ठेवली.

"तिला खोली आहे ना, अण्णा," ती म्हणाली.

अण्णांनी डोळे उघडले. चहा घेतला नाही. थोड्या वेळानं एसटीची वेळ झाली म्हणून उठले. चाकणला ते पुन्हा आले नाहीत, आणि आम्ही बहिणींनीही त्यांना बोलावलं नाही.