गार पाण्याचा दोरा

चैत्रातली भरदुपार. भांडी पालथी घालून सायतराबाई गार सारवणावर अंग टाकते. खुंटीवर नवऱ्याचं, उरकुडाचं, फेकजाळं लोंबतंय. तो गेल्यापासून वर्षभर कोरडं. सुनेनं ते परस्पर पुतण्याला देऊ केलंय. आज तो न्यायला येणार. सायतराबाईला विचारलं कोणी? डोळा लागतो न लागतो तोच दारातून आवाज येतो.

"पाणी कसं आहे वं?"

उरकुडाच. रोजचाच प्रश्न. सकाळी घागर घेऊन आधी ती वैनगंगेवर जायची, आणि तिनं पाणी कसं ते सांगितल्याशिवाय हा बहाद्दर जाळं खांद्यावर घेत नसे.

"मेल्यावरही स्वतः बघायचा कंटाळाच!" ती म्हणते. "या आत. दारात काऊन उभे?"

"पाय ओले आहेत."

ती खाली बघते, तर सारवणाची वाळू झालेली. चुलीपलीकडे डोह. ती पाय बुडवते.

"कोमट. नितळ. तळाचे गोटे दिसतात. जाळ्याची सावली पडली की रोहू पळालाच म्हणून समजा."

"मग?"

"मग काय! धरणाचं पाणी सुटू द्या. जरा गढूळ, गार आलं की मासा डोहातून धारेला येते. सगळं मीच सांगू?"

वाळूवर बाजार भरलेला. तिच्यापुढे रिकामं टोपलं. माणसं येतात, जातात, भाव विचारत नाहीत. समोर उरकुडा तेवढा उकिडवा.

"घरात कोणी बोलत नाही तुझ्याशी?"

"बोलतात ना. 'आत्याबाई, जेवा.' 'आत्याबाई, सरका.'"

तो हसत नाही. ती टोपल्याशी चाळा करत राहते. मग घोट्यांना काहीतरी लागतं. गार.

"आलं!" ती ओरडते. "पाणी सुटलं वो! टाका आता!"

"मी कशानं टाकू, बुढे?" उरकुडा आपले हात दाखवतो. धुक्यासारखे. खुंटीवरचं जाळं आपसूक तिच्या खांद्यावर येतं, फेकताना तो दातात धरायचा तो काठ तिच्या ओठांशी. "दातात धर. घट्ट."

बाईमाणसानं जाळं टाकल्याचं टोलीत, अख्ख्या वस्तीत, कोणी पाहिलं नाही. लोक काय म्हणतील, ते म्हणणाऱ्यांना काय सुनवायचं, सगळं तिच्या जिभेवर येतं. पण तोंडात जाळं. जन्मात पहिल्यांदा सायतराबाई गप्प. ती कमरेतून वळते, हात उघडते...

"आत्याबाई, उठा. भाऊजी आले जाळं न्यायला."

छपराची कौलं. खुंटीवर जाळं, कोरडंठाक. सायतराबाईच्या दातात काहीतरी अडकलंय. ती बोटानं ओढून काढते. वीतभर दोरा. ओला, शेवाळाच्या वासाचा.

ती तो करंगळीला गुंडाळते आणि खुंटीवरून जाळं उतरवते.

"त्याला काय सांगू?" सून विचारते.

"सांग, पाणी गार झालंय. यायचं तर टोपलं घेऊन माझ्या मागं ये म्हणावं."