आशीर्वादाआधीचं पाणी

इग्नातिस स्वतःला कधी स्वयंसेवक म्हणायचा नाही. तो शब्द त्याच्या मते पिवळी जाकिटं घालून शहरातून येणाऱ्यांचा. हा नुसता कोळी. पण लेस्वोस बेटाच्या उत्तर टोकाला, समोर तुर्कस्तानचे डोंगर दिसतात त्या बंदरात, तिकडून निघालेल्या निर्वासितांच्या बुडत्या रबरी बोटींतून माणसं ओढून काढण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. "तुझ्या होडीत मासे कमी आणि माणसंच जास्त," असं त्याची बायको मिर्सिनी म्हणायची. "माणसं निदान साफ करावी लागत नाहीत," असं हा म्हणायचा.

एक गोष्ट मात्र तो पाळायचा. नाताळ झाला, की सहा जानेवारीला पाद्रीबाबा क्रॉस समुद्रात टाकून पाणी पवित्र करेपर्यंत होडी सोडायची नाही. मधल्या दिवसांत पाणी वाईट असतं. सगळं बंदर पाळतं. इग्नातिसचा बाप याच दिवसांत हट्टाने गेला होता. परत आली ती फक्त होडी.

पाच तारखेची दुपार. वारा उत्तरेचा, पाणी शिशासारखं. कॉफीच्या दुकानात मेहुणा थेओफिलोस पत्ते पिसत होता आणि बंदराच्या भिंतीपलीकडे, खडकांच्या बाजूला, लाइफ जॅकेटांचे नारिंगी ठिपके वरखाली होत होते.

"दाजी, तिकडं बघू नका. तटरक्षकांना फोन झालाय. पत्ते उचला."

"ते येईस्तोवर ही मंडळी खडकावर आपटतील."

"उद्या आली असती तर मीच गेलो असतो की! एक दिवस थांबायला काय झालं होतं?"

"खरंय. त्यांना एक कॅलेंडर पाठवायला हवं होतं," इग्नातिस म्हणाला. पण उठला नाही. त्याने सिगारेट पेटवली आणि ठिपक्यांवरची नजर न काढता ती शेवटपर्यंत ओढली. मग धावला. मागून शिव्या घालत थेओफिलोस.

बोट फाटलीच होती. दोघांनी पाण्यातली, खडकाला चिकटलेली माणसं एकेक करून वर घेतली. धक्क्यावर मिर्सिनी घोंगड्या आणि मसुरीचं सूप घेऊन उभी होती. झर्मिना नावाची एक पोरगी घोंगडी अंगाला लावू देईना. "इदरीस," एवढंच म्हणायची आणि हात डोक्याच्या वर नेऊन उंची दाखवायची.

"तिचा भाऊ," त्यांच्यातला मोडकं ग्रीक येणारा एकजण म्हणाला. "माझ्याजवळच होता. खडक धरून. खूप वेळ धरून होता. तुमची होडी निघालेली दिसली, तेव्हाच त्याचा हात सुटला."

थेओफिलोस तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. इग्नातिस वळून पुन्हा होडीत उतरला. अंधार पडेपर्यंत खडकाभोवती होडी फिरवत राहिला. तटरक्षकही आले, फिरले, गेले. झर्मिना छावणीकडे जाणाऱ्या बसमध्ये चढली नाही. मिर्सिनीने तिला घरी नेलं.

सकाळी वारा पडला. घंटा वाजल्या, बंदर माणसांनी भरलं. दरवर्षी क्रॉससाठी एकमेकांना ढकलत उड्या मारणारी पोरं चड्ड्यांवर कुडकुडत भिंतीवर उभी होती. पाद्रीबाबांनी दोरी बांधलेला क्रॉस खडकांच्या बाजूला भिरकावला. पाणी उडालं आणि शांत झालं.

कोणीच उडी मारली नाही. तिथे खाली आणखी काय असेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

इग्नातिसने कोट काढून मिर्सिनीच्या हातात दिला.

"वय काय तुझं, म्हाताऱ्या!" ती ओरडली.

तो गेलाच. वर आला, रिकाम्या हाताने. पुन्हा खाली. आता भिंतीवरचे लोक ओरडू लागले, हसू लागले, "डावीकडे, इग्नातिस! डोळे उघडून शोध!"

पाद्रीबाबांनी हळूच दोरी ओढली. क्रॉस ठिबकत वर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"दाजी, या आता! क्रॉस मिळाला!"

इग्नातिसचं डोकं पाण्यावर आलं. ओठ निळे पडले होते. त्याने क्रॉसकडे पाहिलं, मग लोकांमागे एकट्या उभ्या असलेल्या झर्मिनाकडे. छाती भरून श्वास घेतला आणि परत खाली गेला.

टाळ्या एकेक करून थांबल्या.