पाडव्यापर्यंतची डागडुजी

त्या वर्षी फाल्गुन लागला आणि बाबांनी घर दुरुस्त करायला घेतलं. सुरुवात मोरीच्या नळापासून झाली. मला आठवतं तेव्हापासून तो नळ गळायचा. त्याच्याखाली तपेलं ठेवायचं आणि ते भरलं की हंड्यात ओतायचं, ही आमच्या घरची रीतच होती. बाबांनी नळ उघडला, आतला वायसर बदलला, सुतळी गुंडाळून पुन्हा बसवला. गळणं थांबलं. पुढचे दोन-तीन दिवस आम्ही सवयीने तपेलं ठेवत राहिलो आणि ते कोरडंच राहिलं.

बाबांना वेळ होता. वालीवच्या ज्या कारखान्यात ते टेबलफॅनच्या जाळ्या वेल्डिंग करत, तिथला संप मोडला होता. मोडला तोही आवाज न करता. एकेक जण गेटातून आत जायला लागला आणि एका सकाळी गेटाबाहेर बाबा आणि आणखी तिघं-चौघंच उरले. मग मालकाने नोटीस लावली. पाडव्याच्या आत जो हमीपत्र लिहून देईल त्याला परत घेऊ, बाकीच्यांचा हिशेब करून टाकू. हमीपत्रात लिहायचं होतं की मला चिथावण्यात आलं, माझी चूक झाली, यापुढे मी कुठल्याही युनियनमध्ये नसेन. मनवेलपाड्यातल्या आमच्या चाळीत सगळे त्याला माफीनामा म्हणत.

बाबांना कुणी चिथावलं नव्हतं. चिथावणारे तेच होते. पत्रकं तेच लिहायचे.

मी त्या पत्रकांवर वाढले. शाळेच्या पुस्तकात 'कमळ' यायच्या आधी मला 'कामगार' वाचता येत होतं. पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले, भागाकार सोडवले. पत्रकं चिकटवायची खळ मला आईच्या भाजीच्या आधी करता येऊ लागली. मैदा थंड पाण्यात कालवायचा, उकळत्या पाण्यात सोडायचा, घट्ट होत आली की चिमूटभर मोरचूद घालायचं, म्हणजे चिकटवलेला कागद झुरळं खात नाहीत. नववीत असताना माझं ठाम मत होतं की जगात दोनच प्रकारची माणसं असतात, सही करणारी आणि न करणारी. ते मत अजून फारसं बदललेलं नाही.

बाबा कुठल्या बाजूला जाणार, हे मात्र घरात कुणी विचारत नव्हतं.

शेजारच्या खोलीतले काका सही करून आत गेले होते. ते बाबांच्या बाजूच्याच मशीनवर असत. इतकी वर्षं दोघं दोन सायकलींवर बरोबर निघायचे, बरोबर यायचे. आता काका पहाटेच निघत. आमच्या दारावरून जाताना ते सायकलचं मागचं चाक उचलून धरत, म्हणजे फ्रीव्हीलची टिकटिक होऊ नये. मी आत अंथरुणात ऐकत असे. टिकटिक नसली तरी चाक उचललेल्या माणसाचा श्वास ऐकू यायचा.

शिमग्याला आम्ही गावी गेलो नाही. कोकणातली माणसं मयताचं सोडून शिमग्याला गावी जातात, पण आई म्हणाली, "पालखीपुढे उभं राहून गाऱ्हाणं तरी काय घालायचं? देवच विचारेल, नोकरी आहे का म्हणून." बाबा त्या वेळी ओट्याच्या फुटक्या कडेला सिमेंट भरत होते.

ते बोलत नव्हते याची आम्हाला हळूहळू सवय झाली. आधी ते जेवताना बोलायचे, वाचताना बोलायचे, दाढी करताना आरशाशी भाषण करायचे. आता ते 'पक्कड दे', 'धर', 'सोड' एवढंच म्हणत. रागावलेलं माणूस गप्प बसतं तसं ते नव्हतं. बोलावलं तर मान वर करत, बघत, पण आपल्याला काही विचारलं गेलंय हे त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागे.

आई शिलाई मशीनवर साड्यांना फॉल लावून देण्याचं काम करायची. मशीन थांबवून ती बघे आणि म्हणे, "माझ्या आईने बघायला हवं होतं. लग्न झाल्यापासून एक खिळा ठोकला नव्हता या माणसाने."

कधी म्हणे, "एवढा संप आधीच केला असतात तर घर केव्हाच राहण्याजोगं झालं असतं."

बाबा हसत नसत. मी हसत असे, मग मीही बंद केलं.

डोंगरावर पळस फुलला होता. दुपारी वारा सुटला की चाळीच्या मागच्या शिरीषाच्या शेंगा खुळखुळत. बाबांनी पत्र्यावर चढून गळकी जागा डांबराने बुजवली, खिडकीचे गज घासले, भिंतींना चुना लावला. युनियनचे फलक रंगवायला आणलेला लाल ऑइलपेंट डब्यात तळाशी उरला होता. त्याने त्यांनी आमचं दार रंगवलं. लांबून चाळीकडे पाहिलं तर राखाडी दारांच्या रांगेत आमचं तेवढं लाल दिसायचं.

"आता पोस्टमनला पत्ता सांगायला नको," आई म्हणाली.

एका दुपारी मी मोरीत भांडी विसळत होते. बाहेर ओट्यावर आई काकूंशी, म्हणजे शेजारच्या काकांच्या बायकोशी बोलत होती. त्या दोघींनी संपाच्या काळातही बोलणं सोडलं नव्हतं. रेशन एकीने रांगेत उभं राहून दोघींचं आणायचं, मग बोलणं कसं सोडणार?

"काय ठरलं भाऊजींचं?" काकूंनी विचारलं.

"घराचं काम संपलं की जातील बघा," आई म्हणाली. "हाताला काही आहे तोवर बसलेत. संपलं की काय भिंतीकडे बघत बसणार? आणि माझंही फॉलवर किती दिवस चालायचं, वहिनी."

मी हात पुसले आणि घरभर फिरून पाहिलं. नळ झाला होता. ओटा, पत्रा, खिडकी, भिंती, दार, सगळं झालं होतं. मोरीच्या कोपऱ्यातली एक फरशी तेवढी हलत होती.

त्या संध्याकाळी मी कपाटाच्या बिजागरीचा स्क्रू सैल केला.

आठ आण्याचं नाणं खाचेत घालून फिरवलं की तो फिरत असे. दुसऱ्या दिवशी कपाटाचं दार लोंबलं. बाबांनी ते पाहिलं, पेटी काढली आणि बसवलं. त्यांचा अर्धा तास गेला. मग मी खुर्चीचा पाय हलता केला. मोरीच्या तोंडावरची जाळी उचकटली. बाबांच्या खाटेच्या नायलॉनच्या पट्टीची गाठ सोडून ठेवली, ती सगळी खाट त्यांना पुन्हा विणायला लागली आणि अख्खी दुपार त्यात गेली. त्या दुपारी मी भूगोल पाठ करत त्यांच्याशेजारी बसले होते. पट्टी ताणताना त्यांच्या हाताच्या शिरा वर येत होत्या. मला वाटलं, असंच चालू ठेवलं तर पाडवा निघून जाईल. मालकाची मुदत संपेल आणि कुणालाच काही करावं लागणार नाही. त्यानंतर घरात काय शिजेल, याचा विचार मी केला नव्हता. ते कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नसायचं.

मग कपाटाचं दार पुन्हा लोंबलं. बाबा उकिडवे बसून बिजागरीकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांनी अंगठ्याचं नख खाचेवरून फिरवलं. मग मला हाक मारली. ते मला 'कॉम्रेड' म्हणायचे, लहानपणापासून, थट्टेने. त्या दिवशी नुसतं 'ए' म्हणाले.

"नाण्याने खाच मरते," ते म्हणाले. "मग स्क्रू ना आत जातो, ना बाहेर येतो."

त्यांनी पेटीतला पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि नवा स्क्रू शोधायला लागले. रागावले नाहीत. का केलंस, हेही विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर तयार होतं, चांगलं पानभर.

पाडवा चार-पाच दिवसांवर आला तेव्हा काकू वाटीत कैरीचं लोणचं घेऊन आल्या आणि उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"भाऊजी, तुमच्या भिंती बघितल्या की आमच्याकडे बघवत नाही हो. पोपडे जेवणात पडतात. ह्यांना म्हटलं, तर ह्यांना रोज डबल ड्यूटी."

मी पुस्तकातून मान वर केली. "दुसरी ड्यूटी कुणाच्या जागची असते काकू, ते पण सांगा ना."

"गप गं," आई म्हणाली, पण मशीन तिने थांबवलं नाही.

काकूंनी वाटी खाली ठेवली. त्यांचं तोंड उतरलं होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि आईकडेही नाही.

"चुना भिजत घालून ठेवा," ते काकूंना म्हणाले. "कळीचा आणा, पुडीतला नको. उद्या सकाळी येतो."

फुटीर माणसाच्या भिंती आपण का रंगवायच्या, यावर मी त्या दिवशी घरात बरंच बोलले. विश्वासघात, लाचारी, इतिहास, असे सगळे शब्द मी वापरले, आणि ते सगळे बाबांचेच होते. ते कुंचा पाण्यात बुडवून त्याचे सुटे केस उपटत बसले होते. शेवटी म्हणाले, "जमिनीवर घालायला कागद लागतील. खाटेखालचे घे."

खाटेखाली शेवटच्या पत्रकाचा गठ्ठा होता. छापून आणलं आणि वाटायच्या आधी माणसं आत गेली, त्यामुळे तसाच राहिलेला. सकाळी तो मी काकूंच्या खोलीत नेला आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत पत्रकं पसरली. छापील बाजू वर ठेवली, मुद्दाम. 'एकजुटीने लढणाऱ्या माझ्या बंधूंनो' हे काकांच्या घरात, काकांच्या पायाखाली, प्रत्येक कागदावर दिसेल असं. बाबांच्या लक्षात येईल असं मला वाटलं होतं. ते आले, स्टूल मांडलं आणि त्या कागदांवरूनच चालत कामाला लागले. चुन्याचे थेंब बंधूंनो-वर पडले, लढणाऱ्या-वर पडले. त्यांनी खाली पाहिलंही. पण बघून काही झालं नाही.

काका दुपारी, दोन ड्यूट्यांच्या मधल्या वेळेत आले. उंबऱ्यावर चप्पल काढली, एक पाय आत टाकायला उचलला आणि तो तसाच वर धरून उभे राहिले.

"आयला," ते हळूच म्हणाले.

"ये की," बाबा स्टुलावरून म्हणाले.

"पाय कुठे ठेवू?"

"ठेव कुठेही. जुने आहेत."

काकांनी कागदांवर पाय ठेवला नाही. ते खाली वाकले, उंबऱ्याजवळचा एक कागद उचलला, मग दुसरा. चुना ओला होता, त्यांच्या बोटांना लागत होता. पायापुरती जागा झाली की एक पाऊल पुढे, पुन्हा वाकणं, पुन्हा पाऊल. असे ते आतल्या माठापर्यंत गेले आणि पाणी प्यायले. उचललेले कागद त्यांनी पालथे करून कपाटावर ठेवले. मी दारात उभी राहून हे सगळं बघत होते. ते एकदाही माझ्याकडे बघू शकले नाहीत.

"तुझी खिडकीकडची बाजू दोन हात मागते," बाबा म्हणाले. "ओल आहे."

"भाऊ, राहू दे. मी रविवारी करीन."

"तुला कुठला आलाय रविवार." कुंचा भिंतीवरून खाली आला, वर गेला. मग त्याच आवाजात बाबांनी विचारलं, "लिहून द्यायचं ते कुठे? ऑफिसात?"

काकांनी पेला माठावर पालथा घातला. "ऑफिसात कुठे घेतोय. वॉचमनच्या केबिनमध्ये. तिथे स्टुलावर पॅड ठेवलंय. उभ्यानेच करायची."

"पेन?"

"आपलं न्यायचं."

बाबांनी मान हलवली आणि कुंचा बादलीत बुडवला.

मला राग यायला हवा होता. तो त्या दिवशी आला नाही आणि पुढेही बराच काळ आला नाही. भिंतीचा ओला चुना वाळत गेला तसतसा पांढरा होत गेला, ते मी बघत राहिले. आज मी हे लिहिताना तो येतो. उभ्याने सही घेणाऱ्यावर येतो, आपलं पेन आणायला सांगणाऱ्यावर येतो. माणसाकडून 'मला चिथावलं' असं लिहून घेणं म्हणजे त्याचं स्वतःचं डोकं होतं हेच नाकारणं. हे मी तेव्हा भिंतींवर चिकटवायला तयार होते, आजही आहे. पण त्या खोलीत ते कुणाला सुनवायचं हे मला कळलं नाही. तिथे मालक नव्हताच.

पाडव्याच्या आदल्या दिवशी बाबांनी दाढी केली. नखांतला चुना निघाला नव्हता. सकाळी आमच्या दारासमोर काकांची सायकल थांबली, चाक जमिनीवर होतं. दोघं निघाले. टिकटिक कोपऱ्यापर्यंत ऐकू आली.

आईने मशीन सुरू केलं. मी कपाटापुढे बसले आणि पिवळ्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने बिजागरीचे सगळे स्क्रू काढले. खाच मरू न देता, नीट दाबून. दार सुटून माझ्या अंगावर आलं. आईने वळून पाहिलं.

"आता कुणासाठी?" ती म्हणाली.

मी दार भिंतीला टेकवून ठेवलं.

बाबा संध्याकाळी आले तेव्हा त्यांच्या शर्टाला पुन्हा वेल्डिंगचा वास होता. ते भिंतीला टेकवलेल्या दारावरून पुढे गेले, चहा प्यायले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुढी उभारली, कडुलिंबाची पानं चावली आणि तोंड वाकडं न करता गिळली. मग काकूंकडून श्रीखंड आलं. त्या वर्षीचं श्रीखंड आंबट होतं, असं आई म्हणाली.

कपाटाचं दार मे महिन्यापर्यंत भिंतीलाच होतं. बाबा रात्री आठला येत, तेव्हा त्यांच्यात काही उरलेलं नसे. शेवटी ते मीच बसवलं. जरा तिरकं बसलंय. अजून लावताना खाली घासतं.