जावेचं बर्फाचं कपाट

माझं अक्षर वाकडं येतं आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधीच नीट जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. पण चुकून कुणाच्या हाती पडलीच तर शुद्धलेखन सांभाळून घ्यावं.

कोपरगावाजवळच्या साखर कारखान्याच्या चाळीत आम्हा दोघी जावांची घरं शेजारी होती, मध्ये एकच भिंत. थोरले दीर कारखान्यात फिटर, आमचे हे स्टोअरमध्ये कारकून. सासूबाई चार दिवस इकडे, चार दिवस तिकडे राहायच्या. थोरल्या जाऊबाईंकडे बर्फाचं कपाट आलं आणि सासूबाई तिकडच्याच झाल्या.

कारखान्यातल्या एका साहेबाने जाताना ते दिरांना स्वस्तात दिलं होतं. कपाटाच्या पोटात खाली घासलेटचा दिवा जळायचा आणि वर बर्फाच्या वड्या व्हायच्या. ते पाहायला अख्खी चाळ लोटली होती. जाऊबाईंनी त्याची किल्ली कमरेला लावली. कुणी आलं की आधी किल्ली वाजायची, मग त्या उठायच्या.

मला हे बघवत नसे. दूध माझ्या म्हशीचं, ते राहायचं त्यांच्या कपाटात, आणि लोक म्हणत, "थोरल्या बाईंकडचं दही काय गोड लागतं!" लढाई संपली तरी घासलेट कार्डावरच मिळे. माझ्या कार्डावरचं निम्मं भिंतीपलीकडे जाई आणि आमच्याकडे कंदील लवकर विझे. पण सगळ्यात जास्त झोंबायची ती ह्यांची हाक. मी सकाळी माठ घासून भरायची, त्याला ओलं फडकं गुंडाळायची, वाळा टाकायची. दुपारी ह्यांच्या चपला वाजल्या की तांब्या घेऊन दारात उभी राहायची. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज यायचा, "वहिनी, पाणी द्या बरं!" मग हे मिशा पुसत घरात येत. मी तांब्यातलं पाणी तुळशीला घालत असे. त्या उन्हाळ्यात तुळस फार वाढली.

एक दिवस त्या कपाटातून नवसागरासारखा उग्र वास सुटला. डोळ्यांना पाणी आलं. वास गेला तो कपाटाचा जीव घेऊनच. त्यानंतर दिवा कितीही लावा, वड्या होईनात. जाऊबाई रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मनात मला इतकं बरं वाटत होतं की माझी मलाच भीती वाटली. दोन महिने हे माझ्या माठातलं पाणी प्यायले.

मग दीर म्हणाले, नगरच्या कॅम्पातले गोरे साहेब देश सोडून चाललेत, सामान विकताहेत, तिथे दुसरं मिळेल. जुनं विकून आणि त्यांची शिल्लक घालूनही पैसे कमी पडत होते. सासूबाई माझ्या चुलीपाशी येऊन बसल्या.

"दुधाचं पैकं साठवलंस न्हवं? घरातच जात्यात, भाईर न्हाई."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "देऊन टाक. वहिनी बुडवायच्या नाहीत."

त्या पैशांतून मला शिवणाचं मशीन घ्यायचं होतं. पण नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि ते मला कधी जमलं नाही. डबा काढून दिला. जाऊबाई म्हणाल्या, "धाकटे, बोनस झाला की आधी तुझे." त्यानंतर रोज त्या मला गोड हाक मारू लागल्या. नवं कपाट अजून आलं नव्हतं, पण ती हाक मला आवडू लागली होती.

कपाट रेल्वेने कोपरगावला आलं. आमच्या माणसांनी काय करावं? फुटायला नको, हादरायला नको, म्हणून बैलगाडीत उसाचं पाचट अंथरलं, त्यावर गोधडी घातली आणि बाळंतिणीला निजवावं तसं कपाट आडवं निजवून आणलं. आणल्या आणल्या उभं केलं, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि दिवा पेटवला.

संध्याकाळपर्यंत थेंबभरही गारवा नाही. जाऊबाईंनी वात वाढवली. दुसऱ्या दिवशी आणखी वाढवली. भिंत काजळीने काळी झाली. चाळीतले लोक जाता येता विचारत, "काय फिटरसाहेब, चुलीवर बर्फ पिकला का?" दीर मान खाली घालून जेवत आणि अर्ध्यावर उठत.

आणि मला कारण ठाऊक होतं. पहिलं कपाट आलं तेव्हा साहेबाचा खानसामा ते लावून द्यायला आला होता. पुरुषमाणसं कारखान्यात, जाऊबाई माहेरी बाळंतपणाला. तो सासूबाईंना समजावत होता आणि मी दाराआड उभी होते. कपाट आडवं करू नका, झालंच तर एक दिवस नुसतं उभं ठेवा, मगच पेटवा. तरी गार होईना तर एक दिवस डोक्यावर उलटं ठेवा, मग सरळ करून पुन्हा एक दिवस थांबा. वर पाण्याची परात ठेवून बघा, पाणी एका अंगाला जाता कामा नये. ज्योत निळी हवी, पिवळी नको. सासूबाईंनी "व्हय, व्हय" म्हटलं आणि विसरल्या. मी एकही शब्द विसरले नव्हते.

थोरल्या दिरांशी धाकट्या भावजयीने बोलायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. डोक्यावरचा पदर सांभाळून मी बाजूला होत असे. ती रीत त्या चार दिवसांत मला फार उपयोगी पडली. मला विचारलं कुणी? मी सांगायचं कुणाला? सासूबाईंना सांगता आलं असतं. जाऊबाईंना तर आलंच असतं. आपले पैसे बुडताहेत हेही दिसत होतं. तरी मी माठ घासत राहिले.

चौथ्या दिवशी जाऊबाई माझ्या स्वयंपाकघरात येऊन खाली बसल्या. मागोमाग सासूबाई आल्या. बाहेरच्या ओट्यावर दीर बसलेले, त्यांचं डोकं खिडकीतून दिसत होतं.

"धाकटे, तुझे पैसे मी पाण्यात घातले," जाऊबाई म्हणाल्या. "ह्या पाटल्या ठेव."

त्या हाताला तेल लावून पाटली ओढू लागल्या. लग्नातली पाटली, हात आता भरलेला. निघेना. अंगठ्याचं हाड लाल झालं, तरी ओढतच होत्या. मला ते बघवेना. मी सासूबाईंकडे वळून, पण खिडकीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले. तेवढ्या मोठ्याने मी आयुष्यात बोलले नव्हते.

"सासूबाई, ते उलटं करून ठेवायला सांगा. एक दिवस. खानसामा सांगून गेला होता."

"उलटं?" जाऊबाई म्हणाल्या. "आता काय शेंदूर फासून देव करायचा त्याचा?"

मी सगळं सांगितलं, परातीपासून ज्योतीपर्यंत. बाहेर दीर उठून उभे राहिले.

चार माणसांनी कपाट गोधडीवर डोक्यावर उलटं उभं केलं. दुसऱ्या दिवशी सरळ केलं, एका पायाखाली लाकडाची पाचर ठोकली, परातीतलं पाणी सपाट झालं. तिसऱ्या दिवशी दिवा लावला, वात कापून बारीक केली. संध्याकाळी जाऊबाईंनी दार उघडून आत बोट लावलं आणि ओरडल्या. बोट चिकटलं होतं!

दीर भिंतीकडे बघत म्हणाले, "धाकटीला सांगा, फार उपकार झाले."

जाऊबाई जमलेल्या बायकांना सांगत सुटल्या, "आमच्या धाकटीला ठाऊक होतं हो! सगळं पाठ!"

सासूबाई बर्फाची वडी तोंडात घोळवत होत्या. ती एका गालात सारून त्यांनी विचारलं, "मंग चार दिस काय तोंडात गुळनी धरली व्हतीस?"

बायका हसल्या. जाऊबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काळ्या भिंतीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी पदर पुढे ओढला.

बोनसची वाट जाऊबाईंनी पाहिली नाही. दर पगाराला त्या सासूबाईंना बरोबर घेऊन यायच्या, थोडे पैसे पाटावर ठेवायच्या आणि जायच्या. ती गोड हाक गेली. पैसे नकोतच असं म्हणावंसं वाटे. ते त्यांच्याकडे होते तोवर माझं त्या घरात काहीतरी होतं. ह्यांची दुपारची हाक पुन्हा भिंतीपलीकडून येऊ लागली होती, आणि मला आता रागावायलाही तोंड नव्हतं. जाऊबाईंनी त्या वर्षी एकही लुगडं घेतलं नाही. चाळीत सगळ्यांनी दिवाळीला नवी नेसली, त्या जुन्यातच राहिल्या. त्याचासुद्धा मला हेवा वाटला, की ह्या बाईला एखादी गोष्ट अशी तडीस नेता येते.

संक्रांतीच्या आधी त्या शेवटचे पैसे घेऊन आल्या. त्या दिवशी सासूबाई बरोबर नव्हत्या.

"मोजून घे," म्हणाल्या.

"कशाला, जाऊबाई..."

"मोज."

मी मोजले. दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. एक पैसाही कमी नव्हता.

"बरोबर आहेत," मी म्हणाले.

"मग फिटले," म्हणाल्या आणि उठल्या.