तारामतीच्या टाकीतला दगड

रविवारी सकाळी दगड उकळत्या पाण्यात टाकायचा, हे पद्मराजनं जेवता जेवता सांगितलं आणि तारामतीची तव्यावरची भाकरी करपली. बुधवार होता. म्हणजे हातात तीनच दिवस.

पद्मराज निपाणीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. बेडूक कापणारा जावई म्हणून बोरगावात, तारामतीच्या माहेरी, बारा वर्षं त्याची थट्टा चालली होती आणि तो बिचारा ती हसून सोसत होता. ब्याऐंशीच्या थंडीत त्यानं नवंच खूळ डोक्यात घेतलं. मालवणहून परतणाऱ्या ओळखीच्या ट्रकातून त्यानं खाऱ्या पाण्याचे कॅन आणले, डोक्याएवढा भोकाभोकांचा एक दगड आणला, सुईसारखे बारीक, नळीतोंडे दोन मासे आणले आणि सोप्यात काचेची टाकी मांडली. महिन्याभरानं कॉलेजच्या प्रदर्शनात पोरांना जिवंत समुद्र दाखवायचा होता.

तारामतीची अट एकच होती. "माशांच्या खाण्यापायी घरात दुसरा जीव मारून आणायचा न्हाय."

"आणायला कशाला पायजे? दगडावरचं बारीकसारीक खाऊन जगतात ती," पद्मराज म्हणाला. शेवाळ खात असतील, असं ती धरून चालली.

टाकी अर्थातच तिच्याच गळ्यात पडली. पाणी तेवढं स्वच्छ ठेव, एवढं सांगून हा सायकलवर टांग टाकून मोकळा. पण तिला ते कुणी शिकवायला नको होतं. पाणी गाळल्याशिवाय चूळही न भरणाऱ्या घरातली ती. रोज सकाळी आधी घरचं पाणी गाळायचं, मग टाकीचं, तांब्या तांब्यानं, दुपदरी फडक्यातून. ह्या कामात तिला कधी कंटाळा आला नाही. उलट दिवसातली तेवढीच घटका आपली स्वतःची, असं तिला वाटायचं.

आणि ह्या बुधवारी दोनांतला एक मासा मेला. दगडाच्या भोकातून एक लालसर किडा बाहेर आला होता. वीतभर लांब, दोन्ही अंगांना केसांची झालर. तो मेलेल्या माशाला तोंड लावून बसला होता. पद्मराज त्याला बोटांनी ओढायला गेला तर त्याचे काचेसारखे केस बोटांत घुसले आणि किडा आत. तिथंच निकाल लागला, अख्खा दगडच उकळायचा. उरलेला मासा गेला तर प्रदर्शनात काय दाखवायचं, रिकामी काच?

"दगडावर आणखी बी जीव हायत की," तारामती म्हणाली. "गुन्हा एकाचा आणि फाशी गावाला व्हय?"

"मग शनिवारपर्यंत दाखव मला, किडा जितं खात न्हाय म्हणून."

गुरुवारपासून तिनं भर दुपारी टाकीवर घोंगडं पांघरायला सुरुवात केली. अंधार झाला की दगडावरची वस्ती बाहेर पडते, हे तिच्या ध्यानात आलं होतं. उजेडानं कुणी बिचकू नये म्हणून बॅटरीच्या काचेवर लाल कापड बांधून ती घोंगड्यात डोकं घालायची. शेजारची अक्काताई येऊन बघून गेली आणि पद्मराजची बायको माशाला वाफारा देते म्हणून गल्लीभर सांगून आली.

तारामतीनं कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर एकेकाचं चित्र काढलं. पाच बारीक हातांची चांदणी, ती पडलेलं कुजलेलं ओढून न्यायची. नळीत राहणारी, पिसांचा तुरा काढून बसणारी एक बाई, सावली पडली की तुरा आत. काच चाटत फिरणारी गोगलगाय. कुणीही कुणाच्या वाटेला जात नव्हतं. राहिला किडा. शुक्रवारी तो भोकातून सरळ माशाकडे निघाला. मासा दमून वाळूला टेकला होता. ओरडावं तर कुणाला, हात घालावा तर काय धरावं? किड्याचं तोंड शेपटीला लागलं, तसा तो अंग आखडून मागं सरला, वळसा घालून गेला आणि सडक्या शेवाळाशी थांबला. तारामतीच्या डोळ्यांत पाणी आलं. मेलेलं खातो, जितं नाही!

पण मासा खंगतच चालला होता. शनिवारी त्याचं पोट पाठीला लागलं. मग खातंय कोण त्याला?

किड्याचं तोंड नीट बघावं म्हणून तिनं पद्मराजचं भिंग घेतलं. शेजारी त्या सकाळचं, गाळायचं फडकं टाकीच्याच पाण्यात खळबळून भरलेलं वाडगं तसंच राहिलं होतं. सहज भिंग त्यावर गेलं. धूळ वाटली होती. धूळ टुणटुण उड्या मारत होती.

तिनं पद्मराजला हाक मारली. त्यानं बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अगं, हेच की माशाचं खाणं! दगडाबरोबर आलेलं. कुणाला अपाय न्हाय ह्यांचा. मी टाकीत शोधून दमलो, तुला कुठं गावलं?"

"गाळलेलं हाय. रोज निघतंय."

"आणि काय करतीस त्याचं?"

"आडात सोडते. बादली पाण्याला टेकस्तोवर हळू सोडते, आपटू नये म्हणून."

तो हलकेच म्हणाला, "तारा, खाऱ्या पाण्यातला जीव गोड्यात घटकाभर बी तगत न्हाय."

तिनं दिवस मोजले. टाकी मांडल्यापासून सतरा. गाळलेला जीव त्याच्याच पाण्यात परत जायचा, हे तिला लहानपणापासून पाठ. पण तिच्या उभ्या आयुष्यात गाळलेलं पाणी आडाचंच असायचं, म्हणून हात आपोआप आडाकडे वळला. तिकडे ते मेले आणि इकडे मासा उपाशी मेला.

"तू वाचवायलाच गेलतीस," पद्मराज म्हणाला.

"म्हणून तर एवढे मेले," ती म्हणाली. तिला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

"दगुड ऱ्हाऊ दे. किडा सुटला," तो म्हणाला आणि वाडग्याकडे हात केला. "दे, मी सोडतो टाकीत. मासा खाणार ह्यास्नी. तू आत जा."

तिनं वाडगं सोडलं नाही. "इतके दिवस माज्या हातानं झालं, ह्ये बी माज्याच हातानं हुं दे."

तिनं वाडगं पाण्यात तिरकं केलं. धूळ पसरली. मासा वाळूवरून उठला, एका कणापाशी थांबला, नळीसारखं तोंड चटकन हललं आणि कण नाहीसा झाला. मग दुसरा. तारामतीनं तोंड फिरवलं नाही. मासा पोटभर खाईपर्यंत ती तिथंच उभी राहिली.